लोकलची दगदग म्हणजे व्यायाम नाही: मुंबईकराने सुरुवात कुठून करावी

“आमचं आयुष्यच धावपळीचं, त्यात वेगळा व्यायाम कशाला?” हा प्रश्न मुंबईत जितक्या वेळा कानावर येतो तितका दुसरीकडे कुठे येत नसेल. विरारहून चर्चगेटला किंवा कल्याणहून सीएसएमटीला जाणारा माणूस उजाडताना घर सोडतो आणि रात्री जेवणाच्या वेळेला परततो. पाय दुखत असतात, अंग आंबलेलं असतं. एवढं दमल्यावर व्यायाम झालाच की, असं वाटणं साहजिक आहे. पण गर्दीत तासभर एका पायावर उभं राहिलं की पोटऱ्या भरून येतात, कंबर धरते आणि हृदयाला मात्र काहीच काम मिळत नाही. घाम येतो तो डब्यातल्या उकाड्याचा.

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर आम्ही काही जण सकाळी एकत्र व्यायाम करतो. नव्याने येणाऱ्यांना समजावण्याचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे येतं, म्हणून तेच इथे सविस्तर लिहितो आहे. वय ३५ ते ६५, नोकरी किंवा घर सांभाळणारे, जिमला जायला वेळ किंवा पैसे नसलेले, असे वाचक डोळ्यांसमोर आहेत. माझं म्हणणं एकच आहे: नुसतं चालून भागत नाही, स्नायूंना वजन पेलायला लावलंच पाहिजे. मॉर्निंग वॉक करणारे असंख्य लोक हा अर्धा भाग सोडून देतात.

आधी थोडं ‘का’ बद्दल

१९५३ साली जेरेमी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या बस कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बस डबलडेकर, ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच संस्थेचे नोकर, राहणीमानही सारखंच. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना वर-खाली. कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण कमी आढळलं, आणि ज्यांना झाला त्यांनाही तो उशिरा आणि सौम्य झाला. बेस्टच्या जुन्या डबलडेकरमध्ये तिकिटांची टिकटिक वाजवत वर-खाली करणारे कंडक्टर ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे लगेच पटेल. पण मॉरिस तिथेच थांबले नाहीत. पुढे त्यांनी कर्मचाऱ्यांच्या गणवेशाची मापं तपासली, तर ड्रायव्हर मुळातच कमरेने जाड असल्याचं दिसलं. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नव्हतं. त्यानंतरच्या सत्तर वर्षांत इतर ठिकाणी झालेल्या अभ्यासांनी मूळ मुद्दा मात्र पक्का केला: हालचाल कमी, तर हृदयाचा धोका जास्त.

आपल्याकडे सगळ्यात जवळचा प्रश्न शुगरचा. ‘आयसीएमआर-इंडियाब’ या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे सुमारे १०.१ कोटी रुग्ण आहेत. आपल्या लोकांचं वजन फार नसतं, पण चरबी पोटाभोवती साठते आणि शुगर कमी वजनातच वाढू लागते. इथे स्नायूंचं काम कळलं पाहिजे. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. एरवी त्यासाठी इन्शुलिनने दार उघडून द्यावं लागतं, पण स्नायू काम करत असला की तो इन्शुलिनची वाट न पाहताही साखर आत घेतो. व्यायाम थांबल्यावरही पुढचा एखादा दिवस, कधी दोन दिवस, स्नायू इन्शुलिनला चांगला प्रतिसाद देत राहतात. म्हणूनच मधुमेहींना सांगतात की सलग दोन दिवस खाडा नको. आणि म्हणूनच रविवारी दोन तास घाम गाळून आठवडाभर स्वस्थ बसणं हा त्यांच्यासाठी चांगला सौदा नाही.

नियमित व्यायामाने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं आणि आरामात असतानाचे ठोके कमी होतात. रक्तदाब ज्यांचा वाढलेला आहे त्यांचा वरचा आकडा ५ ते ८ने खाली येऊ शकतो. गोळी आपल्या मनाने बंद करण्याइतका हा फरक नाही, पण डॉक्टरांना दखल घ्यावी लागेल इतका नक्की आहे. हाडांवर भार आला की ती टिकतात. पाळी थांबल्यानंतर बायकांची हाडं झपाट्याने ठिसूळ होऊ लागतात, त्यामुळे त्यांना याची गरज जास्त. झोप सुधारते, चिडचिड कमी होते. मनावरचा हा फरक पुष्कळांना वजनाच्या आधी जाणवतो.

वजनाबद्दल मात्र खरं बोललेलं बरं. एका वडापावात ढोबळमानाने ३०० कॅलरी असतात. अर्धा तास झपाझप चालून दीडशेच्या आसपास खर्च होतात. नुसत्या व्यायामाने पोट उतरेल या आशेवर सुरुवात केली की महिन्याभरात निराशा येते. वजनाचा हिशेब ताटात होतो. व्यायामाचे बाकीचे फायदे वजनकाटा हलला नाही तरी मिळतात.

किती करायचं? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम करावा, आणि किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंच्या ताकदीचा. ६५च्या पुढे तीन दिवस तोल सांभाळण्याचा सरावही हवा. याच सूचनांमध्ये एक जुनी अट काढून टाकली आहे: पूर्वी सलग दहा मिनिटं झाली तरच मोजत, आता तुकड्या-तुकड्यांनी केलेलंही धरतात. मुंबईकराला याहून सोयीची गोष्ट नाही.

पहिली पायरी: स्वतःला मोजा

एक वही घ्या किंवा मोबाइलमध्ये लिहा. चार गोष्टी टिपायच्या.

कमरेचा घेर. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता. भारतीयांसाठी पुरुषांना ९० सेंमी आणि स्त्रियांना ८० सेंमी ही धोक्याची रेघ धरतात; इंचात साधारण साडेपस्तीस आणि साडेएकतीस. पँटचा नंबर हे माप नव्हे, कारण आपण पँट पोटाखाली घालतो.

खुर्चीतून उठण्याची चाचणी. हात नसलेली, न डुगडुगणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घडी करून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजा. साठ ते चौसष्ट वयाच्या पुरुषाचे १४पेक्षा कमी आणि बाईचे १२पेक्षा कमी आले, तर पायांची ताकद वयाच्या मानाने कमी समजतात. चाळिशीतल्या माणसाला यापेक्षा बरंच जास्त जमायला हवं.

एका पायावर तोल. स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ उभं राहून एक पाय उचलायचा, हात न टेकता दहा सेकंद. पन्नाशीनंतर हे जमत नसेल तर दुर्लक्ष करू नका. ५१ ते ७५ वयाच्या लोकांवरचा एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला, त्यात ज्यांना हे जमलं नाही त्यांच्यात पुढच्या काही वर्षांतल्या मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. तोल गेल्याने माणूस मरतो असा याचा अर्थ नाही. ताकद, नजर, नसा, मेंदू असं बरंच काही त्या दहा सेकंदांत तपासलं जातं.

चौथी गोष्ट दम. तीन मजले न थांबता चढून वर गेल्यावर पूर्ण वाक्य बोलता येतं का, एवढंच लिहा.

डॉक्टरांना कधी विचारायचं

हृदयाचा त्रास झालेला असेल, छातीत दुखत असेल, थोड्या चालण्याने धाप लागत असेल, चक्कर येत असेल, बीपी किंवा शुगर आवाक्याबाहेर असेल, गरोदरपण असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल, तर सुरू करण्याआधी दाखवून घ्या. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या चालू असतील तर व्यायामात शुगर एकदम खाली जाऊ शकते. हात थरथरणं, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी ही तिची खूण. खिशात साखरेची पुडी किंवा ग्लुकोजच्या गोळ्या हव्यातच. पायांना मुंग्या येत असतील तर रोज रात्री तळवे बघा. बुटाने घासलेलं त्यांना कळत नाही आणि जखम चिघळते.

व्यायाम करताना छाती आवळल्यासारखं वाटलं, वेदना डाव्या हातात किंवा जबड्यात गेली, थंड घाम आला, तर “गॅस असेल” म्हणत सोडा-लिंबू प्यायला बसू नका. थांबा आणि १०८ला फोन करा. बाकी धडधाकट माणसाला चालायला सुरुवात करण्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

पहिले दोन आठवडे: फक्त चाल

सुरुवातीला रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटं. बस्स. जेवल्यानंतर लगेच किंवा अर्ध्या तासाच्या आत चाललं की रक्तातली साखर एरवी जितकी उसळते तितकी उसळत नाही, त्यामुळे या दहा मिनिटांचं मोल जास्त. शतपावली आपल्याकडे होतीच, फक्त ती आता सोफ्यावर मोबाइल बघत घालतात.

दुसऱ्या आठवड्यात दिवसाच्या प्रवासातून एक तुकडा काढा. सोपा मार्ग म्हणजे शेअर रिक्षा सोडणं. जाताना नको, जाताना ठरलेली गाडी चुकली की सगळा दिवस बिघडतो. येताना सोडा. स्टेशनपासून घर दीड किलोमीटरवर असेल तर झपाझप चालून अठरा-वीस मिनिटं लागतात, आणि त्या वेळी रिक्षाच्या रांगेत पाच-दहा मिनिटं जातातच. ऑफिसचा डबा खाऊन झाल्यावर दहा मिनिटं बाहेर चक्कर. गाडी लेट असेल तर फलाटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत. बारा डब्यांच्या गाडीचा फलाट अडीचशे मीटरहून लांब असतो, चार खेपांत किलोमीटर होतो. गर्दीच्या वेळी मात्र हा प्रयोग नको, आणि धावती गाडी पकडणं ही कसरत असली तरी व्यायाम नाही.

वेग कसा ओळखायचा? मिनिटाला साधारण १०० पावलं पडली की मध्यम. मोजायला कंटाळा असेल तर सोबत्याशी गप्पा मारता येतात पण गाणं म्हणता येत नाही, एवढा दम लागायला हवा. शिवाजी पार्कला कट्ट्याच्या कडेने चार-चार जणांची ओळ करून राजकारणावर बोलत जे फिरतात, त्यांचं अर्ध्याहून अधिक फिरणं या कसोटीला उतरत नाही. मैत्री टिकते, तो फायदा वेगळा. काही बीपीच्या गोळ्या ठोके मुद्दाम कमी ठेवतात, त्यामुळे त्या घेणाऱ्यांनी घड्याळातल्या ठोक्यांवर विसंबू नये. बोलण्याची कसोटीच बरी.

जागेचं रडगाणं खरं आहे. फुटपाथवर फेरीवाले, पेव्हर ब्लॉक उखडलेले, उरलेल्या जागेत दुचाकी. तरीही पश्चिमेला कार्टर रोड, वरळी सी फेस, मरीन ड्राइव्ह, मध्य मुंबईत शिवाजी पार्क आणि माटुंग्याची फाइव्ह गार्डन्स, उत्तरेला बोरिवलीचं नॅशनल पार्क, असं काही ना काही बऱ्याच जणांच्या आवाक्यात असतं. शिवाजी पार्कची एक फेरी किलोमीटरहून थोडी जास्त भरते. नॅशनल पार्कात कान्हेरीच्या रस्त्याला चढ आहे, तो रविवारसाठी ठेवा. जवळ काहीच नसेल तर इमारतीचं आवार. लोक बघतात, चार दिवसांनी बघायचे थांबतात.

सहाव्या आठवड्यापर्यंत आठवड्यातून पाच दिवस, दिवसाला एकूण तीस मिनिटांवर यायचं. दर आठवड्याला पाचेक मिनिटं वाढवली की आपोआप जमतं. बूट घाला, चपला नकोत. महागडे लागत नाहीत. टाच पक्की धरणारे आणि बोटांना जागा देणारे पुरेत.

तिसऱ्या आठवड्यापासून: ताकद

आमच्या गटातल्या एका काकू अनेक वर्षं नेमाने चालायच्या. “अहो, मी तर रोज पाऊण तास चालते,” त्या पहिल्या दिवशी जरा तोऱ्यातच म्हणाल्या होत्या. मग सत्यनारायणाच्या पूजेला सगळे खाली बसले आणि आरतीला उठताना काकूंनी एक हात शेजारच्या मुलीच्या खांद्यावर ठेवला, दुसरा जमिनीवर टेकला, गुडघा धरला, आणि तरी दुसऱ्या झटक्यात उठल्या. चालण्याने त्यांचा दम चांगला राहिला होता, पण मांड्यांना शरीराचं वजन खालून वर उचलायची सवयच उरली नव्हती. तिशीनंतर दर दशकात स्नायू काही टक्क्यांनी घटत जातात आणि साठीनंतर तो वेग वाढतो. सपाट रस्त्यावरचं चालणं ही घट थोपवत नाही.

आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून. मी बुधवार आणि रविवार सुचवतो. रविवारी मेगाब्लॉक असतोच, कुठे जायचं नसतं. पाच मिनिटं जागच्या जागी चालून, खांदे आणि घोटे फिरवून अंग गरम करायचं. मग खालचे प्रकार.

सगळ्यात महत्त्वाची बैठक, म्हणून तिच्यावर वेळ घालवू. खुर्चीच्या कडेला बसा. पावलं खांद्यांइतकी लांब, बोटं किंचित बाहेर वळलेली, टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे. छाती वर ठेवून कमरेतून पुढे झुका, नाक पायाच्या बोटांच्या रेषेत आलं की टाचांनी जमीन दाबत उठा. गुडघे उठताना एकमेकांकडे पडतात का ते आरशात बघा. पडत असतील तर मुद्दाम बाहेरच्या बाजूला रोखून धरा. खरी गंमत खाली बसण्यात आहे. धपकन बसायचं नाही. मनात एक-दोन-तीन-चार मोजत इतकं हळू टेकायचं की खुर्चीचा आवाज होऊ नये. उठताना श्वास सोडायचा, बसताना घ्यायचा. आठ ते दहा वेळा, दोन मिनिटं विश्रांती, असे दोन फेरे. शेवटच्या दोन-तीन उठबशा जड जायला हव्यात. सहज जमल्या तर पुढच्या वेळी खुर्चीपेक्षा बुटकं स्टूल घ्या, मग छातीशी दोन लिटरची पाण्याची बाटली धरा, मग पाच किलोची तांदळाची पिशवी. तोपर्यंत दोन-तीन महिने गेलेले असतात.

“गुडघे दुखतात, बैठका कशा मारू?” हे दर वेळी येतंच. गुडघ्याची झीज असली तरी मांडीचे स्नायू बळकट केल्याने दुखणं बहुतेकांना कमीच होतं, कारण गुडघ्यावरचा भार मग स्नायू वाटून घेतात. उंच खुर्चीपासून सुरू करा, हवं तर खुर्चीवर उशी ठेवा. व्यायाम करताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्ववत झालं, तर चालू ठेवायला हरकत नाही. गुडघा सुजला, अडकू लागला किंवा रात्री ठणकू लागला तर डॉक्टर.

दुसरा प्रकार जोर, पण भिंतीवर. भिंतीपासून हातभर लांब उभं राहून तळवे छातीच्या उंचीवर टेकवायचे आणि अंग फळीसारखं ताठ ठेवून छाती भिंतीकडे न्यायची. सोपं झालं की स्वयंपाकघराचा ओटा, मग पलंगाची कड, शेवटी जमीन.

तिसरं, ओढणं. हेच बहुतेक घरगुती व्यायामांत राहून जातं. दिवसभर कीबोर्डवर आणि मोबाइलवर वाकलेल्या खांद्यांना ते सगळ्यात जास्त लागतं. रबराचा व्यायामाचा पट्टा काही शे रुपयांत मिळतो. खिडकीच्या मजबूत गजाला अडकवा, दोन्ही टोकं धरून कोपरं मागे ओढा, पाठीची पाती एकमेकांजवळ आणा. सूर्यनमस्काराचे निष्ठावंत रागावतील, पण त्यात सगळं आहे हा दावा इथे लंगडा पडतो. सूर्यनमस्कार उत्तम, अंग मोकळं होतं, दमही वाढतो. पण ओढण्याचं काम त्यात नाही, आणि एका ठरावीक संख्येनंतर ताकद वाढायची थांबते. आपल्याच परंपरेतल्या मल्लखांबात ओढणं भरपूर आहे. शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात तो आजही शिकवतात आणि तिथले उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री जाहीर झाली. घरात मुलं असतील तर त्यांना तिकडे जरूर पाठवा.

चौथं, वाकून उचलणं. पाण्याची बादली, सिलिंडर, गणपतीची पेटी, कंबर धरते ती या वेळी. पाठ सरळ, गुडघे किंचित वाकलेले, आणि पार्श्वभाग मागच्या भिंतीला टेकवायला नेल्यासारखा मागे. वजन अंगाला चिकटून वर येतं. सुरुवात रिकाम्या हातांनी करा, मग भाजीच्या दोन पिशव्या.

त्याच पिशव्या दोन्ही हातांत धरून घरातल्या घरात किंवा चाळीच्या गॅलरीत ताठ मानेने मिनिटभर चाला. पकड, खांदे, पोट, सगळं एकदम कामाला लागतं. शेवटी ओट्याला धरून टाचा वर-खाली पंधरा वेळा, आणि लगोलग एका पायावर उभं राहण्याचा सराव. दात घासताना केला तरी चालतो.

हे सगळं पंचवीस-तीस मिनिटांत आटपतं. बीपी असणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: जोर लावताना श्वास कोंडायचा नाही, दाब एकदम वर जातो. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखणार. ते अपेक्षित आहे, आठवड्या-दोन आठवड्यांत कमी होतं. सांध्यात टोचल्यासारखी कळ येत असेल तर मात्र तो प्रकार सोडा.

तालीम किंवा जिम परवडत असेल तर जरूर जा. वजनं वाढवणं तिथे सोपं जातं. पहिल्याच दिवशी प्रोटीन पावडरचा डबा गळ्यात मारणारा ट्रेनर भेटला तर दुसरी जिम बघा.

जिना

वेळ नाही म्हणणाऱ्यांसाठी जिन्याइतकं चोख साधन नाही. चढताना हृदयाला आणि मांड्यांना एकदम काम मिळतं आणि मिनिटभरात दम लागतो. ऑफिस बाराव्या मजल्यावर असेल तर नवव्यावर लिफ्ट सोडा. दर दोन आठवड्यांनी एक मजला आधी उतरा. स्टेशनवर सरकता जिना असला तरी गर्दी नसताना शेजारचा साधा घ्या. उतरताना गुडघ्यांवर भार जास्त येतो, म्हणून ज्यांना त्रास आहे त्यांनी चढायचं पायांनी आणि उतरायचं लिफ्टने. कठड्याजवळून चाला.

उकाडा, पाऊस, धुरकं

मुंबईच्या दमट हवेत घाम निघतो पण वाळत नाही, आणि न वाळलेला घाम अंग थंड करत नाही. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये त्याच वेगाला ठोके जास्त पडतात. वेग कमी करा, वाईट वाटून घेऊ नका. अर्ध्या-पाऊण तासाच्या व्यायामाला साधं पाणी पुरतं. रंगीत एनर्जी ड्रिंकमधली साखर घेण्यात काही हशील नाही. डोकं दुखू लागलं, मळमळलं, तर सावलीत बसून अंगावर पाणी मारा.

पावसाळ्यात गच्चीवर शेवाळ धरतं, तिथे उड्या नकोत. गॅलरी, पार्किंग, जिना वापरा. साचलेल्या पाण्यातून चालण्याचा हट्ट नको. पायाला चीर असेल तर लेप्टोची, म्हणजे साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या संसर्गाची, भीती असते, आणि उघड्या गटारांचं वेगळं सांगायला नको. थंडीत, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, पहाटे धुरकं खाली बसलेलं असतं. ऊन चढून वारा सुटला की हवा सुधारते. दमेकऱ्यांनी त्या महिन्यांत पहाटेचा हट्ट सोडून संध्याकाळ धरावी आणि मोबाइलवर हवेचा निर्देशांक बघून बाहेर पडावं.

ताटात काय

ताकदीचा व्यायाम केला आणि प्रथिनं मिळाली नाहीत तर स्नायू बांधायला माल कुठून येणार? आयसीएमआरच्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. पोहे-चहा, भात-आमटी, पोळी-बटाट्याची भाजी असा दिवस गेला तर तेवढं होत नाही. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात. वाटीभर घट्ट वरण, उसळ, दही, मूठभर शेंगदाणे, आणि खाणाऱ्यांनी मासे. बोंबील-बांगडा हे स्वस्त आणि चांगलं प्रथिन आहे; फक्त तळलेलाच हवा असा नियम नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

खाडा पडल्यावर

पडणारच. गणपतीत दहा दिवस जातात, गावी गेलं की पंधरा, मुलांच्या परीक्षा, घरात आजारपण, स्वतःला व्हायरल. आठवडाभर सुटला तर जिथे सोडलं तिथून धरा. दोन-तीन आठवडे सुटले तर फेरे आणि वजन निम्म्यावर आणून दोन आठवड्यांत परत मूळ जागी या. ताप असताना, विशेषतः डेंग्यू झाल्यावर, अशक्तपणा पूर्ण जाईपर्यंत फक्त घरातल्या घरात हळू चालणं. एकदा केलेली ताकद पहिल्यापेक्षा लवकर परत येते, त्यामुळे “आता शून्यातून सुरुवात” असं वाटलं तरी तसं नसतं.

बारा आठवड्यांनी पहिल्या पायरीतल्या चारही गोष्टी त्याच खुर्चीवर, त्याच टेपने, त्याच जिन्यावर पुन्हा मोजा. उठबशा बहुधा सगळ्यात आधी वाढलेल्या दिसतील, घेर सगळ्यात शेवटी हलतो. शुगरवाल्यांनी ‘एचबीएवनसी’ची तपासणी याच सुमारास करावी, कारण ती मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, त्याआधी केली तर नव्या सवयीचा हिशेब तिच्यात पुरता उतरलेला नसतो. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जाताना वहीही सोबत न्या, म्हणजे गोळ्यांचं प्रमाण ठरवताना त्यांना तुमचा व्यायाम किती आणि कसा चालला आहे ते समोर दिसेल.